प्रत्येक पुलावर मालकाचे नाव लिहा

प्रति,
मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



१५ जून २०२५, रविवार. दुपारी साडेतीनच्या सुमारास मावळ तालुक्यात कुंडमळ्याजवळचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला. चौघांचा जीव गेला आणि पन्नासहून अधिक माणसे जखमी झाली. पूल जेमतेम चार फूट रुंद आणि सुमारे तीस वर्षांचा. तो धोकादायक असल्याचा फलक लावलेला होता. नव्या पुलाला मंजुरी मिळाली होती, त्यासाठी सुमारे आठ कोटी रुपये ठरले होते आणि दुर्घटनेच्या काही दिवस आधी कार्यादेशही निघाला होता.

हे सारे आपल्याला ठाऊक आहे. तरी पुन्हा लिहितो, कारण या यादीकडे नीट पाहिले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. सरकारने काहीच केले नाही असे इथे झालेले नाही. धोका ओळखला गेला, फलक लागला, प्रस्ताव गेला, पैसा मंजूर झाला, निविदा निघाली. प्रत्येक पायरी कागदावर आहे. माणसे मेली ती या पायऱ्यांच्या मधल्या काळात. फलक लावल्यापासून नवा पूल उभा राहीपर्यंत त्या जुन्या पुलाची, आणि त्यावरून जाणाऱ्या माणसांची जबाबदारी कुणाची, हे कुठल्याही कागदावर ठळक लिहिलेले नव्हते. दुर्घटनेनंतर पहिली चर्चा झाली तीही हा पूल नेमका कुणाच्या ताब्यात, याचीच.

आपल्या राज्यात बांधकाम क्षेत्र सुधारायचे म्हटले की धोरणे निघतात, मंडळे स्थापन होतात, संगणकप्रणाली येतात. ती यावीत. पण या उद्योगाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक खुद्द सरकार आहे. रस्ते, पूल, शाळा, पाण्याच्या टाक्या, अंगणवाड्या, सारे तेच बांधून घेते. गिऱ्हाईक ज्या शिस्तीने काम सांगते, तपासते आणि पैसे देते, त्याच शिस्तीने बांधणारा वागतो. ब्रिटनमध्ये १९९४ साली सर मायकेल लॅथम यांनी तिथल्या बांधकाम उद्योगावर अहवाल लिहिला. त्यात त्यांनी सुधारणेची सुरुवात गिऱ्हाइकापासून व्हावी आणि सरकारने स्वतः आदर्श गिऱ्हाईक व्हावे, असे सांगितले. मावळात राहून गेली काही वर्षे आजूबाजूची कामे पाहताना मला हेच पटत गेले आहे.

मोठी कामे आपल्याला जमतात, याबद्दल मावळातल्या माणसाला शंका नाही. खोपोली ते कुसगाव हा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा १३.३ किलोमीटरचा नवा जोडरस्ता, ज्याला सगळे मिसिंग लिंक म्हणतात, तो आमच्याच डोंगरात झाला. त्यातला मोठा बोगदा जवळपास नऊ किलोमीटरचा आहे आणि तो लोणावळा तलावाच्या खालून जातो. दरीवरच्या केबल पुलाचे मनोरे १८२ मीटर उंच आहेत. वारा, धुके आणि सह्याद्रीचा पाऊस सोसत ज्या अभियंत्यांनी आणि कामगारांनी हे केले त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. २०१९ साली सुरू झालेल्या या कामाच्या मुदती पुन्हा पुन्हा पुढे गेल्या, हे खरे. पण त्या प्रत्येक मुदतीवर प्रश्न विचारले गेले, मंत्री पाहणीला आले, बातम्या झाल्या. सावित्री नदीवरच्या पुलाचेही तसेच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ १९२८ साली बांधलेला पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. राज्याने मनावर घेतले की काय होते ते या दोन कामांत दिसते.

म्हणून माझी तक्रार कौशल्याची नाही. ज्या तालुक्याच्या पश्चिम टोकाला जगाने पाहावा असा पूल उभा राहतो, त्याच तालुक्याच्या पूर्वेला चार फुटी पूल माणसांच्या वजनाने पडतो. दोन्हींच्या मागे एकच शासन, एकच कायदे आणि त्याच महाविद्यालयांतून शिकलेले अभियंते आहेत. फरक इतकाच की एकावर सतत कुणाची तरी नजर होती आणि दुसऱ्यावर नव्हती.

नजर नसली की काय होते, हा धडा बोर घाटाला फार पूर्वी मिळाला आहे. १८६३ साली घाटातून रेल्वे सुरू झाली. काम चालू असताना, १८५९ मध्ये, मजुरीवरून मजुरांनी दंगा केला आणि त्यानंतर पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच वारला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे नेले. कॉलऱ्याने त्या काळात किती मजुरांचा बळी घेतला याचा नीट हिशेब कुणी ठेवला नाही. लोहमार्ग सुरू होऊन चार वर्षे झाली आणि १८६७ च्या जुलैत, भर पावसात, घाटातला एक दगडी पूल कोसळला. मग कंपनीच्या दगडकामाची चौकशी झाली आणि निकृष्ट कामावर बोट ठेवले गेले. मजुरी थकली, घाई झाली, दगडकाम कच्चे राहिले आणि मोठ्या पावसांनी ते दाखवून दिले, हा क्रम तेव्हापासूनचा आहे. त्याच घाटात १८३० साली बांधलेला अमृतांजन पूल मात्र १९० वर्षे उभा होता. २०२० च्या एप्रिलमध्ये द्रुतगती मार्गावरच्या वाहतुकीला अडचण होते म्हणून तो मुद्दाम पाडावा लागला.

आता वेळापत्रकाबद्दल. माझ्या मते मावळातल्या सरकारी बांधकामाचे सर्वांत मोठे दुखणे हे आहे आणि त्यावर फारसे कुणी बोलत नाही.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरपर्यंत नदीपात्रात पाया खणता येत नाही, डोंगरउतारावर भराव टाकता येत नाही, उघड्यावर काँक्रीट भरणे धोक्याचे असते. आमच्याकडे बांधकामाचा हंगाम दसरा-दिवाळीनंतर सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो. आणि सरकारचे वर्ष ३१ मार्चला संपते. निधीचे वाटप होऊन, तांत्रिक मान्यता मिळून, निविदा उघडून, करारनामा होईपर्यंत हिवाळा निघून जातो. मग मार्चअखेर बिले काढायची म्हणून धावपळ होते आणि एप्रिल-मेमध्ये पावसाआधी उरकायचे म्हणून दुसरी. भारतीय मानक ४५६ प्रमाणे काँक्रीटवर किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंट असेल तर दहा दिवस पाणी मारायला हवे. एप्रिलच्या उन्हात, टँकर विकत घेऊन, बिलाची खात्री नसताना वाडीवरच्या मोरीवर दहा दिवस पाणी मारायला माणूस कोण ठेवणार? ती मोरी पहिल्या पावसात उखडते आणि आपण म्हणतो, कंत्राटदार चोर.

कुंडमळ्याच्या नव्या पुलाचा कार्यादेश जूनमध्ये निघाला. इंद्रायणीत जूनमध्ये पुलाचा पाया घेता येत नाही, हे कुंडमळ्याशेजारच्या शेलारवाडीतला शाळकरी मुलगाही सांगेल. म्हणजे त्या आदेशाचा अर्थ, पुढचा अख्खा पावसाळा, पर्यटकांच्या सगळ्या गर्दीसह, जुन्याच पुलावर काढायचा. आदेश काढणाऱ्याने त्याच दिवशी जुना पूल दोन्ही टोकांना पत्रे ठोकून बंद केला असता, तर एवढी जीवितहानी झाली नसती असे मला ठामपणे वाटते. यासाठी आठ कोटी लागत नाहीत. एक वेल्डर आणि अर्धा दिवस पुरतो.

तेव्हा पहिली विनंती अशी, की मावळ, मुळशी, राजगड (पूर्वीचा वेल्हे), महाबळेश्वर, भुदरगड, अकोले अशा अतिपावसाच्या तालुक्यांसाठी कामांचे स्वतंत्र वेळापत्रक करावे. त्यांच्या निविदा पावसाळ्यातच उघडाव्यात, सप्टेंबरअखेर करार व्हावा आणि काम दिवाळीनंतर सुरू व्हावे. धोकादायक ठरलेल्या पुलाच्या बाबतीत तर नव्याचा आदेश आणि जुना बंद करण्याचा आदेश एकाच कागदावर, एकाच सहीने निघावा.

दुसरी गोष्ट ऑडिटची. सावित्रीनंतर राज्यभर पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले. कुंडमळ्यानंतर पुन्हा निघाले. तपासणी चांगलीच, पण तिचे पुढे काय होते ते लोकांना दिसत नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ रोजी पडला. त्या पुलाचे स्ट्रक्चरल ऑडिट आधीच झालेले होते आणि त्यात तो वापरायला योग्य ठरवून किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या होत्या. अहवाल फाइलमध्ये राहिला तर चुकीच्या अहवालाला कुणी आव्हानही देऊ शकत नाही.

म्हणून मी सुचवतो ते अगदी साधे आहे. राज्यातल्या प्रत्येक पुलावर, साकवावर, मोठ्या मोरीवर एक पक्की पाटी बसवा. तिच्यावर बांधल्याचे वर्ष, ताबा कुणाचा (बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, नगरपरिषद की ग्रामपंचायत), एका वेळी किती भार, शेवटची तपासणी कोणत्या तारखेला आणि ती कोणत्या पदावरच्या अभियंत्याने केली, हे मराठीत, रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहा. पावसाळ्यापूर्वीची तपासणी झाली की नवी तारीख घाला. ज्या पुलाचा मालक ठरत नाही, त्याची यादी जिल्हाधिकाऱ्यांनी प्रसिद्ध करावी आणि ठरेपर्यंत तो स्वतःच्या ताब्यात घ्यावा. ‘पूल धोकादायक आहे’ एवढे सांगणारा फलक जबाबदारी वाचणाऱ्यावर ढकलतो. मालकाचे नाव सांगणारा फलक ती जिथली तिथे ठेवतो. पाटीवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची दिसली की गावातली शिक्षिका किंवा दूध घालायला जाणारा शेतकरी फोन करून विचारू शकेल. आज त्याला कुणाला विचारायचे हेच कळत नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. २०२५ साली राज्यातल्या कंत्राटदार संघटनांनी सरकारकडे सुमारे ८९ हजार कोटी रुपयांची देयके थकल्याचे सांगितले. आकड्यावर सरकारचे म्हणणे वेगळे असू शकेल. पण तालुका पातळीवरच्या छोट्या कंत्राटदाराला रनिंग बिलासाठी महिनोन्‌महिने खेटे घालावे लागतात, हे कुणीही नाकारणार नाही. त्याने सळई, सिमेंट, क्रश सँड उधारीवर उचललेली असते, बारवाला आणि सेंट्रिंगवाला दर शनिवारी हात पसरून उभा असतो. बिल वेळेवर येणार नाही हे धरूनच तो पुढची निविदा भरतो. त्यात स्पर्धा अशी की अंदाजपत्रकाच्या पंधरा, वीस टक्के ‘बिलो’ गेल्याशिवाय काम मिळत नाही. जादा सुरक्षा ठेव घेण्याची तरतूद आहे, ती ठेव भरूनही लोक बिलो जातात. हे वीस टक्के कुठून भरून निघतात? शाखा अभियंत्याला ते माहीत असते, पण त्याच्याकडे इतकी कामे असतात की स्लॅब भरायच्या दिवशी तो तिथे हजर राहू शकत नाही. मोजमाप पुस्तिकेत लांबी-रुंदी येते. व्हायब्रेटर फिरवला की नाही ते येत नाही.

ब्रिटनने लॅथम अहवालानंतर १९९६ साली कायदा केला. वरून पैसे आले की मगच देऊ, ही अट त्याने सर्वसाधारणपणे बेकायदा ठरवली, आणि देयकाचा वाद झाला तर तो २८ दिवसांत मिटवणारा निवाडाकार मिळण्याचा हक्क दिला. सिंगापूरने १९८९ पासून ‘कॉन्क्वास’ नावाची पद्धत सुरू केली. पूर्ण झालेल्या इमारतीच्या कामगिरीला गुण द्यायचे आणि ते जाहीर करायचे. त्यामुळे चांगले काम करणाऱ्याला नाव मिळाले आणि पुढे कामही. दोन्ही देश आपल्यापेक्षा लहान आहेत, त्यांच्या पद्धती जशाच्या तशा इथे चालणार नाहीत. पण यातली दोन तत्त्वे मावळातल्या मोरीलाही लागू पडतात. पैसे ठरल्या दिवशी द्या, आणि कामाचे मोल दराने न करता टिकण्याने करा.

आपल्याकडे दोषदायित्व कालावधीची अट असतेच. तिच्यावर एक गोष्ट रचता येईल. दोन पावसाळे उलटल्यावर दुसऱ्या तालुक्यातल्या अभियंत्याने येऊन कामाला गुण द्यावेत, ते गुण त्या कंत्राटदाराच्या नावापुढे संकेतस्थळावर राहावेत आणि पुढच्या निविदेत दराइतकेच त्यांना वजन असावे. प्रामाणिक कंत्राटदार मावळात आहेत. त्यांनी बांधलेली शाळा वीस वर्षांनी न गळता उभी आहे. पण आज निविदेच्या कागदावर त्या वीस वर्षांना जागाच नाही.

आणि ज्यांच्या हातून हे सारे घडते, त्या कामगारांबद्दल. हा विषय कामगार विभागाचा म्हणून आपण बाजूला ठेवाल, तर माझे पत्र अपुरे राहील. तळेगाव, कामशेत, लोणावळा या गावांत सकाळी नाक्यावर उभे राहणारे बिगारी आणि गवंडी मराठवाड्यातून, विजयपूरकडून, बिहार-उत्तर प्रदेश-ओडिशातून आलेले असतात. लोणावळ्याच्या उतारांवर दुसरे घर म्हणून बंगले उठतात. तिथे काम करणारी कुटुंबे त्याच प्लॉटवर पत्र्याच्या खोपीत राहतात आणि बंगला झाला की निघून जातात. आपल्याकडे केंद्राच्या १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर या कामगारांसाठी ठेवला. एक कोटीच्या बंगल्यामागे एक लाख रुपये. पैसा जमतो, मंडळ आहे, योजनाही आहेत. नोंदणीसाठी मात्र वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो ठेकेदाराने द्यायचा किंवा ग्रामसेवकाने, नगरपरिषदेने. पंधरा दिवस या साइटवर आणि दहा दिवस त्या साइटवर काम करणाऱ्याला नव्वद दिवस एकत्र कोण लिहून देणार? त्याचे काम ज्याने कधी पाहिले नाही, त्या ग्रामसेवकाला सही करताना भीती वाटणे साहजिक आहे. परिणामी खरा गवंडी बाहेर राहतो, आणि दाखला मिळवून देणाऱ्या दलालाचे फावते. मंडळाने भांड्यांचे संच वाटल्याच्या बातम्या आपण वाचतो. ते संच घेणाऱ्यांत थापी धरलेला हात किती, असा प्रश्न नाक्यावरची माणसे उघडपणे विचारतात.

पुण्यातल्या कोंढव्यात २९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर सोसायटीची भिंत कोसळून तिच्याखाली मजुरांच्या खोपी गाडल्या गेल्या. पंधरा जण गेले, त्यात लहान मुले होती. खोपी भिंतीच्या पायथ्याशी होत्या, आणि शेजारी खोदकाम चालू होते. लोणावळ्यात, खंडाळ्यात, पवना धरणाच्या काठच्या उतारांवर आज तशाच खोपी आहेत. बांधकाम परवानगी देताना नकाशात बंगल्याची प्रत्येक भिंत दाखवावी लागते. मजूर कुठे राहणार, ते दाखवावे लागत नाही. ते सक्तीचे करा. उपकराची पावती आणि त्या साइटवरच्या कामगारांच्या नोंदी एकमेकींना जोडा, म्हणजे हजेरीतूनच नव्वद दिवस आपोआप भरतील आणि दाखल्याची गरज संपेल.

खासगी बांधकामाबाबत थोडक्यातच लिहितो. १ मे २०१७ पासून महारेरा आले आणि मोठ्या प्रकल्पांत घर घेणाऱ्यांना खरोखर आधार मिळाला. बांधकामात दोष निघाला तर पाच वर्षांपर्यंत विकासकाला तो दुरुस्त करून द्यावा लागतो. पण पाचशे चौरस मीटरच्या आतले किंवा आठपेक्षा जास्त घरे नसलेले प्रकल्प नोंदणीतून सुटतात, आणि मावळात डोंगर कापणारी पुष्कळ कामे अशीच लहान लहान आहेत. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीतून लोणावळा नगरपरिषदेला वगळले गेले, यामागे या गावाचा डोंगर आणि पाऊस यांचा विचार असणार असे मी मानतो. मग तोच विचार नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर, दोन किलोमीटरवरच्या गावात, त्याच डोंगराला लागू व्हायला हवा. उतार कापायच्या आधी भूवैज्ञानिकाचा अहवाल आणि पाणी वाहून जाण्याच्या वाटांचा नकाशा, एवढे तरी एका गुंठ्याच्या प्लॉटपासून सर्वांना बंधनकारक असावे.

मंत्रिमहोदय, या मागण्यांपैकी एकीलाही नवा कायदा लागत नाही. बहुतेक गोष्टी शासन निर्णयाने होतील. पाटीसाठी तर तेवढेही लागू नये. सुरुवात मावळातून करा. या तालुक्यातले सारे पूल आणि साकव मोजायला आपल्या विभागाच्या एका उपविभागाला फार दिवस लागणार नाहीत. येत्या पावसाळ्याआधी त्या प्रत्येकावर मालकाचे नाव आणि तपासणीची तारीख लिहिलेली असावी, आणि ज्यावर ती लिहिता येत नाही तो पूल त्याच दिवशी बंद व्हावा, एवढी लेखी हमी आपण जाहीरपणे द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
मावळातील एक रहिवासी